हवामानबदलाच्या धोरणांवर शंका घेणारे सगळे विज्ञान नाकारतात का? चोडणहून उत्तर

तुम्ही विचारलंय की हवामानबदलाची धोरणं आणि पर्यावरणवादी आंदोलनं यांवर शंका घेणारी माणसं विज्ञानच नाकारतात, की त्यांच्याकडे काही खरी कारणं असतात. मी शंका घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून माझ्यापुरतं सांगतो. पृथ्वी तापतेय, समुद्र वर येतोय, हे मला मान्य आहे. मांडवी नदीतल्या चोडण बेटावर आमचं खाजन शेत आहे, भरतीचं पाणी कुठवर चढतं हे आम्ही रोज बघतो. माझी शंका आहे ती हवामानाच्या नावाखाली काय मोजलं जातं आणि काय करायचं राहून जातं यावर.

गोव्याबाहेरच्यांसाठी आधी खाजन म्हणजे काय ते सांगतो. मांडवी, झुआरी अशा नद्यांच्या काठची, भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी इथल्या गावकऱ्यांनी चिखल, पेंढा आणि चिरे वापरून बांध घातले आणि ती लागवडीखाली आणली. राज्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन धरली जाते. बांधात मधेमधे मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की नदीच्या दाबानेच झडपा मिटतात, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. वीज लागत नाही, पंप लागत नाही, राखणारा माणूस मात्र लागतो. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधाला बिळं पाडतात. ती वेळच्या वेळी चिखलाने बुजवली नाहीत, तर एखाद्या अमावास्येच्या उधाणाला बांध जातो. खारं पाणी आत शिरलं की जमिनीतलं मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात, तेही बांध लगेच घातला तर. नाही घातला तर शेतात तिवर, म्हणजे खारफुटी, उगवते.

माझी तक्रार इथून सुरू होते. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला खारफुटी हवीच. लाटांचा मार ती झेलते, जुन्या लोकांनी ती मुद्दाम राखली होती. बांधाच्या आत खारफुटी दिसली तर समजायचं की ते शेत गेलं. उपग्रहाला मात्र दोन्ही सारखीच हिरवी दिसतात. आमच्या बाजूच्यांच्या शेतात असंच झालं. झाडं डोक्यावर गेली. बांध पुन्हा घालून भात लावावं म्हणून त्यांनी अर्ज केला, तर उत्तर आलं की खारफुटी संरक्षित आहे, हात लावलात तर गुन्हा दाखल होईल. बांध फुटला तेव्हा बघायला कुणी आलं नव्हतं.

वन सर्वेक्षणाच्या 2011 च्या अहवालात गोव्यात 22 चौरस किलोमीटर खारफुटी होती, 2021 च्या अहवालात 27. ही वाढ कौतुकाने सांगितली जाते. त्यातली बांधाच्या आतली किती, हे त्या आकड्यात दिसत नाही. देशाने 2030 पर्यंत जंगलं आणि झाडं वाढवून 250 ते 300 कोटी टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याचं वचन दिलंय, 2023 च्या अर्थसंकल्पात खारफुटी लागवडीसाठी मिष्टी योजना आली. कार्बनच्या हिशोबात आमचं शेत हरतं, हे मी मान्य करतो. खारफुटीच्या चिखलात कार्बन साठून राहतो, भाताच्या वाफ्यातून मिथेन निघतो. पण त्या हिशोबात खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात कुठे येतं? मानशीवर मिळणारी सुंगटं (कोळंबी) आणि शेवटे मासे कुठे येतात? आणि समुद्र खरोखरच वर येणार असेल, तर गावात पाणी शिरू न देणारी, शेकडो वर्षं चालत आलेली एकच व्यवस्था आमच्याकडे आहे, ती म्हणजे हा बांध. तिला मरू द्यायचं आणि तिच्या जागी उगवलेली झाडं हवामानाच्या खात्यात जमा धरायची, याला मी धोरण म्हणणार नाही.

बांध फुटला की हल्ली अधिकारी सरळ हवामानबदलाकडे बोट दाखवतात. पाणी चढतंय हे खरं, पण फक्त तेवढंच खरं नाही. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांध राखण्याचं काम कोमुनिदादीकडून, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडून, कूळ संघटनांकडे आलं, आणि त्यांतल्या कितीतरी आज कागदावरच उरल्यात. खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी वर्षानुवर्षं बांध खाल्ले. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, घेणारा मासळीसाठी भरतीला दार उघडं ठेवतो. या प्रत्येक गोष्टीला कुणीतरी जबाबदार आहे, त्याला जाब विचारता येतो. ‘हवामानबदल’ म्हटलं की जाब विचारायला समोर कुणीच उरत नाही.

आंदोलनांबद्दल माझं मत सरसकट वाईट नाही. मोलेचं जंगल वाचवण्याची चळवळ मला पटली, कारण ती तपशिलात शिरून लढली. त्या जंगलातून जाणाऱ्या कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, ती जंगलावरच्या परिणामांचा नीट अभ्यास झालाच नव्हता म्हणून. मुरगाव बंदरातल्या कोळशाची धूळ वास्कोतल्या घरांत जाते, तिथल्या लोकांचा राग रास्तच आहे. पण त्याच व्यासपीठावरून पृथ्वी वाचवण्याची भाषा सुरू झाली की मला कोरबा आणि विंध्याचलची कोळशावरची वीजकेंद्रं आठवतात. गोव्यात स्वतःची वीजनिर्मिती जवळपास नाही, आमचे पंखे आणि एसी मुख्यतः तिथला कोळसा जळून चालतात. त्या राखेच्या शेजारी राहणाऱ्यांचं नाव पणजीतल्या सभेत मी कधी ऐकलेलं नाही.

खाजनाच्या बाबतीत आंदोलक मला सांगतात की आतली खारफुटी तोडायला एकदा परवानगी दिली, की पाठोपाठ बिल्डर भराव घेऊन येईल. ही भीती खोटी नाही. शेतजमिनीचे झोन नगरनियोजन कायद्याच्या 17(2) आणि 39अ या कलमांखाली कसे बदलले गेले ते आम्ही बघितलंय. म्हणून अट घाला ना: आधी बांध घालायचा, मगच आतली खारफुटी तोडायची, आणि त्या जमिनीवर भात, मीठ नि मासळी सोडून काहीही नाही. 2011 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद होती. खाजनांचे नकाशे करा, खाजनालगतची खारफुटी राखा, खाजनांचा व्यवस्थापन आराखडा बनवा, असं तिथे लिहिलंय. खारफुटी राखण्याचा भाग सगळ्यांच्या तोंडी आहे. आराखड्यासाठी मोर्चा निघालेला मी पाहिला नाही, निघाला तर मी पहिल्या रांगेत असेन.

तोवर माझी मागणी साधी आहे. बांधाची माती पावसाआधी बसायला हवी, म्हणजे काम मेच्या मध्यापर्यंत संपायला हवं. आमच्याकडे मंजुरी येईपर्यंत मृग लागतो, मग चिखल घालायचा कुठे? चोडणच्या येत्या ग्रामसभेत मी हाच ठराव मांडणार आहे, की बांधदुरुस्तीची मंजुरी फेब्रुवारीत मिळालीच पाहिजे.