ते वेळापत्रक भिंतीवरून काढा

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हुशार आहे, पण वेळेचं अजिबात भान नाही. मागच्या सेमिस्टरला दोन विषय राहिले, सबमिशनला नेहमीच धावपळ. मी त्याला अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक करून दिलंय, पहाटे साडेचारपासून रात्री साडेअकरापर्यंत. ते त्याच्या टेबलासमोर चिकटवलंय. कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडे आहे, हजेरी मीच बघते, रोज रात्री नऊला आढावा घेते. तो "झालं" म्हणतो आणि आठवड्याने कळतं की काहीच झालेलं नव्हतं. वेळेच्या नियोजनासाठी एखादं चांगलं ॲप किंवा कोर्स सुचवा. शिवाय पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा क्लास आत्तापासूनच लावावा का?

उत्तर : ताई, राहिलेले दोन विषय निघतील. मला काळजी वाटते ती मुलगा तुमच्याशी खोटं बोलायला लागलाय याची, आणि त्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळ लिहून थेट ॲपकडे वळलात याचीही.

रात्री नऊ वाजता त्याच्यापुढे काय असतं ते बघा. "झालं नाही" म्हटलं की का नाही झालं, दिवसभर काय करत होतास, असं कसं चालेल, हे सगळं ऐकायचं. "झालं" म्हटलं की सुटका. दमलेला माणूस काय निवडेल? पण या सुटकेची किंमत मोठी आहे. एकदा "झालं" म्हटल्यावर "मला हा असाइनमेंट कळतच नाहीये" असं तो घरात कोणालाच सांगू शकत नाही. मित्राकडून समजून घेणं, सरांना भेटणं, दोन दिवसांची मुदत मागणं, हे सगळं वेळेत केलं तर उपयोगाचं. खोटं लपवण्यात नेमकी तीच वेळ जाते. तुम्हाला आठवड्याने कळतं तोवर त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. म्हणजे रोजच्या आढाव्यामुळे अडचणी लवकर कळण्याऐवजी उशिरा कळताहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. तारखा तुम्ही लक्षात ठेवता, हजेरी तुम्ही मोजता, आधी काय नंतर काय हे तुम्ही ठरवता. त्याच्या वाट्याला फक्त ऐकणं किंवा टाळणं उरतं. वेळ सांभाळायला शिकायचं म्हणजे हेच तर शिकायचं असतं: किती काम आहे, त्याला किती वेळ लागेल, आज काय सोडून द्यायचं. हे त्याने आजवर एकदाही केलेलं दिसत नाही, कारण त्याच्यावर ते करायची वेळच आली नाही. तुम्ही हे मायेपोटी करता यात मला शंका नाही. पण त्याचा परिणाम तुम्हाला हवा त्याच्या नेमका उलट होतोय.

आता एक गैरसमज दूर करू. दिवसाचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात विषय लिहिला की नियोजन झालं, असं बहुतेक पालकांना वाटतं. पुष्कळ विद्यार्थ्यांनाही वाटतं. मुळात आपल्याला कामाला लागणारा वेळ कळतच नाही, तिथे चौकोन काय करणार? डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये माणसाच्या या सवयीवर बोट ठेवलं. पुढे 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. सगळं बिनसलं तर? सुमारे 49 दिवस. प्रत्यक्षात लागले 55 हून जास्त. म्हणजे सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला. ही मुलं आळशी नव्हती. पुढचं काम डोळ्यांसमोर आणताना आपण ते विनाअडथळा पार पडताना बघतो, आणि मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवतच नाही. त्याच संशोधनात, आधीच्या अशाच कामांना किती वेळ लागला होता हे आठवून त्याची आत्ताच्या कामाशी सांगड घालायला लावल्यावर अंदाज बरेच सुधारले. त्याला जे शिकायचंय ते हे आहे.

त्याच्याच टेबलावरचं उदाहरण घ्या. वेळापत्रकात तुम्ही "जर्नल पूर्ण करणे, अर्धा तास" असं लिहिलं असणार. आता एका प्रयोगाचं जर्नल उघडा. प्रयोगाच्या दिवशी रीडिंग पार्टनरने लिहून घेतलेली, ती त्याच्याकडून मागवायची. तो संध्याकाळी पाठवतो, त्यातली दोन पुसट. आकडेमोड केली की एक किंमत भलतीच येते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मग आलेख, मग निष्कर्ष. दुसऱ्या दिवशी सही घ्यायला जावं तर सर दुसऱ्या वर्गावर. अर्ध्या तासाचं म्हणून लिहिलेलं काम तीन दिवसांत पसरतं, आणि त्यातला निम्मा भाग दुसऱ्या कोणावर तरी अवलंबून असतो. हे ज्याला माहीत आहे तो पार्टनरला आजच मेसेज टाकतो. ज्याच्यापुढे फक्त चौकोन आहे तो रात्री आठला वही उघडतो, अडकतो, आणि नऊला "झालं" म्हणतो.

झोपेचंही बोलायला हवं. साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तास. अठरा ते पंचवीस वयाला तज्ज्ञ सात ते नऊ तासांची झोप सुचवतात. दिवसभरात वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते बरंचसं झोपेत, त्यामुळे झोप कापून वाढवलेला अभ्यासाचा तास फुकट जातो. पहाटेचं साडेचार आजच रद्द करा, यावर चर्चासुद्धा नको.

मग करायचं काय? आधी तुम्ही. वेळापत्रक भिंतीवरून काढा, त्याच्यादेखत. पोर्टलचा पासवर्ड त्यालाच बदलायला सांगा आणि नवा विचारू नका. नऊचा आढावा बंद. त्याला एवढंच म्हणा, "आतापर्यंत तुझं कॉलेज मी सांभाळत होते, आता तू सांभाळ. अडलं तर सांग, मी ओरडणार नाही." शेवटचं वाक्य पाळता येणार असेल तरच उच्चारा. तो पहिल्यांदा खरंच येऊन "चुकलं, राहिलं" म्हणेल तेव्हा तुम्ही काय करता यावर पुढचं सगळं ठरेल. सुरुवातीला गोष्टी आणखी बिघडतील हेही धरून चला. एखादं सबमिशन बुडेल, हजेरी घसरेल. तेव्हा पुन्हा लगाम हातात घ्यायचा मोह आवरा. दुसऱ्या वर्षात बुडालेलं सबमिशन भरून काढता येतं, पण हेच शिक्षण पहिल्या नोकरीत घ्यायची वेळ आली तर फार जड जातं.

त्याच्यासाठी फार थोडं सांगतो, आणि हे त्यालाच वाचायला द्या. सगळ्या तारखा एका जागी हव्यात. वही चालेल, फोनचं कॅलेंडर चालेल, पण एकच. सेमिस्टर सुरू झाल्या झाल्या प्रत्येक विषयाच्या परीक्षा, सबमिशन, तोंडी परीक्षा त्यात टाकायच्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून पुढच्या पंधरा दिवसांवर नजर टाकायची आणि प्रत्येक मोठ्या कामाची फक्त पहिली पायरी लिहायची. "प्रोजेक्ट करणे" ही पायरी नव्हे, "पार्टनरकडून रीडिंग मागवणे" ही पायरी. आणि काम संपलं की खरोखर किती वेळ लागला ते शेजारी लिहायचं. महिनाभर हे केलं की अंदाज आपोआप ताळ्यावर येतात. दिवसाचे दोन-तीन तास पूर्ण मोकळे राहू देत. ठरलेलं बिघडतं तेव्हा ते तिथेच सावरलं जातं, आणि बिघडलं नाही तर मुलाला खेळायला, मित्रांना भेटायला वेळ मिळतो.

राहिलेल्या दोन विषयांचा अभ्यास परीक्षेच्या आधी चार दिवस एकदम करू नये. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात एकाच दिवशी केलेल्या 68 उजळण्यांचं काम तीन दिवसांत विभागलेल्या 38 उजळण्यांनी झालं होतं. रोज थोडं, पुस्तक मिटून आठवून लिहायचं, एवढं पुरे.

ॲप कोणतंही घ्या, फरक पडत नाही. कोर्स नको. प्रवेश परीक्षेचा क्लास या वर्षी अजिबात नको. दोन विषय डोक्यावर असताना तिसरं ओझं देऊ नका.

दोन प्रश्न मात्र मला तुम्हालाच विचारायचे आहेत. पहिला, ही शाखा कोणी निवडली? पत्रात तो काय म्हणतो, त्याला कशात रस आहे, यावर एक शब्द नाही. काही मुलं वेळेत बेशिस्त नसतात, त्यांना तो विषयच नको असतो, आणि ते सांगायची सोय घरात नसते. दुसरा, लहानपणापासून त्याच्या वस्तू हरवणं, सुरू केलेलं अर्धवट राहणं, सूचना विसरणं असं सतत होत आलंय का? की तो अलीकडेच गप्प झालाय, जेवणखाण आणि मित्र तुटलेत? यातलं काहीही असेल तर तो शिस्तीचा प्रश्न नाही. लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास किंवा नैराश्य यांचं नीट निदान होतं, उपचारही आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला विश्वासात घेऊन न्या, गुपचूप नाही.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.