जुन्नरची मुलगी, दोन दिवसांची सुट्टी आणि त्वेर

प्रश्न : ताई, मी मूळची जुन्नरची, सध्या मॉस्कोत मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात दोन दिवस सुट्टी मिळतेय. हॉस्टेलच्या सगळ्या मुली सेंट पीटर्सबर्गला चालल्यात, पण माझं तेवढं बजेट नाही. त्वेर जवळ आहे म्हणून तिथं जायचं मनात आहे, तर सिनियर म्हणतात तिथं आहेच काय, एक नदी आणि एक पुतळा. जाऊ का? एकटीने चालेल का? आणि मी शाकाहारी आहे. – एक वाचक, मॉस्को

उत्तर : जा गं, नक्की जा. तू जुन्नरची आहेस म्हणून तर जास्तच सांगते, कारण तो जो 'एक पुतळा' म्हणतायत ना तुझे सिनियर, तो ज्याचा आहे तो माणूस तुझ्या गावात पावसाळा काढून गेलाय.

अफनासी निकीतिन त्याचं नाव, त्वेरचा व्यापारी. १४७० च्या आसपासची गोष्ट, म्हणजे वास्को द गामा यायच्या पंचवीस-तीस वर्षं आधी. व्होल्गा नदीतून खाली निघाला, आस्त्राखानजवळ लुटला गेला, मग बाकू, इराण, होर्मूझ करत एक घोडा घेऊन कोकणातल्या चौलला उतरला, कारण बहमनी राज्यात घोड्याला चांगली किंमत येते असं ऐकलं होतं. चौलहून पाली आणि तिथून घाट चढून जुन्नर. आणि जुन्नरबद्दल त्याने आपल्या प्रवासाच्या वहीत जे लिहिलंय ते तू वाचच, शहर दगडाच्या बेटावर आहे, माणसाने नाही देवानेच बांधलंय, वर जायची वाट इतकी अरुंद की दोघं शेजारी चालू शकत नाहीत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सरळ शिवनेरीच दिसला. पुढे लिहितो की चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात. आपल्या आषाढ-श्रावणाचं इतकं जुनं वर्णन, तेही बर्फाच्या देशातून आलेल्या माणसाच्या हातचं!

जुन्नरचा अंमलदार असदखान, त्याने त्याचा घोडाच काढून घेतला. धर्म बदल, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडाही गेला आणि तुझ्याकडूनच हजार घेईन, अशी अट. चार दिवसांची मुदत दिली होती. शेवटी खुरासानचा एक ख्वाजा मध्ये पडला आणि घोडा सुटला.

आता पुतळा बघताना हे डोक्यात ठेव. १९५५ सालचा आहे, ब्राँझचा, व्होल्गेच्या काठावर, गावाच्या मुख्य भागातून पूल ओलांडून पलीकडे जायचं. खालचा चौथरा नावेसारखा आहे आणि नावेच्या पुढच्या टोकावर घोड्याचं डोकं कोरलंय. लोक वर निकीतिनकडे बघून फोटो काढतात आणि निघून जातात, तू जरा त्या घोड्यापाशी थांब.

बाकी शहर आरामात एका दिवसात होतं. १७६३ च्या आगीत त्वेर जवळजवळ सगळं जळलं, मग रशियाची सम्राज्ञी कॅथरीनने नवीन आखणी करून बांधून घेतलं, म्हणून एका चौकातून तीन सरळ रस्ते फुटलेले दिसतील. तिचा मुक्कामाचा राजवाडा आहे, मॉस्को-पीटर्सबर्ग प्रवासात थांबायला बांधलेला, आता तिथं चित्रांचं म्युझियम आहे. याच वाड्यात १८११ साली करमझिन या इतिहासकाराने झारला आपल्या रशियाच्या इतिहासाची पानं वाचून दाखवली, आणि गंमत म्हणजे निकीतिनची वही मठातल्या कागदांत शोधून जगापुढे आणली तीही करमझिननेच. पांढरी त्रिमूर्ती म्हणतात ते १५६४ चं चर्च इथलं सगळ्यात जुनं दगडी बांधकाम, ते चुकवू नको. त्र्योख्स्व्यात्स्काया हा फक्त चालण्याचा रस्ता, तिथं संध्याकाळ घालव.

जायचं कसं, तर मॉस्कोच्या लेनिनग्राद्स्की स्टेशनवरून लास्तोच्का ही जलद गाडी, दोनेक तासांत पोचवते. मे च्या सुट्ट्यांत तिकिटं लवकर संपतात तर आधीच काढ. स्टेशन गावाच्या मध्यापासून लांब आहे, बस मिळते. पासपोर्ट, मायग्रेशन कार्ड, रजिस्ट्रेशनचा कागद तिन्ही ओरिजिनल जवळ ठेव, फोटोवर भागत नाही. रात्री राहणार असशील तर हॉटेल बुक करतानाच विचार की परदेशी पाहुण्याचं रजिस्ट्रेशन करतात ना, सगळी ठिकाणं करत नाहीत आणि रात्री दहाला बॅग घेऊन दारात उभं राहून हे कळलं की फार वाईट वाटतं, माझ्या बाबतीत एका शहरात झालंय. भारतातलं व्हिसा-मास्टरकार्ड तिथं २०२२ पासून चालत नाही हे तुला माहीतच आहे, तुझं तिथलं कार्ड असेल तरी थोडे रूबल सुटे ठेव. मोबाईल इंटरनेट हल्ली मधेच बंद पडतं, म्हणून नकाशा ऑफलाइन डाउनलोड कर आणि तिकिटाची प्रिंट काढ. म्युझियमच्या खिडकीवर स्तुदेन्चेस्की बिल्येत, म्हणजे विद्यार्थी ओळखपत्र, आधी पुढे कर, सवलत आहे का ते विचार. सोमवार शक्यतो टाळ, आणि महिन्यातून एक दिवस सफाईसाठी बंद असतो तोही बघून घे.

एकटीने दिवसा फिरायला हरकत नाही, जशी मॉस्कोत फिरतेस तशीच काळजी घे, रात्री उशिरा नदीकाठी मात्र नको. कुठे आहेस ते रूममेटला आणि घरी कळव.

जेवणाचं सोपं आहे. स्तलोवाया, म्हणजे साधी खानावळ, शोध, तिथं ताटं समोर दिसतात म्हणून 'बेज म्यासा' (बिनमांसाचं) म्हणत बोट दाखवून घेता येतं. ग्रेच्का (कुट्टूचा भात), बटाट्याचे द्रानिकी (थालीपिठासारखे), त्वोरोग (पनीरसारखं) घातलेले ब्लिनी (पातळ धिरडी) पोटभर होतात. सूपला मात्र विचारूनच हात लाव, बीटाचं दिसलं तरी पाणी मटणाचं असू शकतं. आणि खाताना आठवण ठेव, निकीतिनने लिहून ठेवलंय की आपल्याकडे घोड्यांना साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात!

त्वेरला तो परत पोचला नाही. गावाकडे येताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला, वही तेवढी पुढे गेली. तू सुट्टीत घरी आलीस की एकदा चौलला लागून असलेल्या रेवदंड्यालाही जा, तिथं एका शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे, आणि त्वेरमध्ये काढलेला त्या घोड्याचा फोटो बरोबर ने.