थर्मल डिलिव्हरी बॅग ६३०७ मध्ये का बसत नाही, आणि मागच्या दोन खेपांचं काय करायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: क्लाउड किचनच्या रायडरांसाठी चीनहून १२०० थर्मल बॅगा मागवल्या. पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर कस्टम्सचा वर्गीकरण कोड (यावरच ड्युटी ठरते) ६३०७ ९० आणि वर्णन 'पॉलिएस्टर पॅकिंग बॅग'. सीएचएने (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने) दोन्ही जसंच्या तसं उचलून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, भरली. आता न्हावाशेव्याला कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराच्या कंटेनर यार्डात) अडकलाय आणि कस्टम्सची क्वेरी आलीय की ४२०२ ९२ का लावू नये. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की याआधी दोन खेपा याच कोडखाली सुटल्या. तुम्हाला चिंता कंटेनरची आहे. मला त्या सुटलेल्या दोन खेपांची जास्त वाटते, कारण हीच चूक मलाही सगळ्यात महाग पडली आहे.

बिल ऑफ एंट्री, आयईसी (आयातदाराचा नोंदणी क्रमांक), आइसगेट या कस्टम्स पोर्टलचं लॉगिन या गोष्टी तुम्हाला येतात असं धरून चालतो.

आधी कोड. तो ४२०२ ९२ ००च आहे आणि यात लढण्यासारखं काही नाही. ४२०२ च्या हेडिंगच्या (चार आकडी कोडच्या) मजकुरातच 'खाद्यपदार्थ किंवा पेयांसाठीच्या इन्सुलेटेड बॅगा' हे शब्द आहेत. हार्मोनाइज्ड सिस्टिम या जागतिक कोड-यादीच्या २००२ च्या आवृत्तीपासून ते तिथे आहेत. वस्तूचं नावच हेडिंगमध्ये असेल तर कोड ठरवण्याच्या व्याख्या-नियमांतल्या पहिल्याच नियमावर विषय संपतो. 'मुख्य गुणधर्म' कापडाचा की फोमचा हा तिसऱ्या नियमाचा वाद काढायची गरजच नाही. बरेच जण क्वेरीच्या उत्तरात तो काढतात आणि स्वतःची बाजू पातळ करून घेतात.

६३०७ का नाही? कारण कापडाच्या सेक्शनची, म्हणजे सेक्शन ११ ची, पहिलीच टीप ४२०१ आणि ४२०२ मध्ये येणाऱ्या कापडी वस्तू बाहेर काढते. ६३०७ हे 'इतर तयार कापडी वस्तूं'चं हेडिंग आहे; जी वस्तू त्या सेक्शनमध्येच येत नाही ती तिथे 'इतर' म्हणूनही बसत नाही. प्लास्टिकच्या ३९ व्या चॅप्टरच्या दुसऱ्या टिपेतही ४२०२ च्या पेट्या-पिशव्या अशाच वगळल्या आहेत. 'आत अ‍ॅल्युमिनियम आहे म्हणून ७६ चॅप्टर' असंही कोणी सुचवेल. आतली चंदेरी शीट म्हणजे पॉलिथिनवर चढवलेला फॉइलचा पातळ थर असतो, त्याने बॅग अ‍ॅल्युमिनियमची होत नाही.

इंटरनेटवर शोधलंत तर १९९७ चा एक अमेरिकन निकाल सापडेल. एसजीआय नावाच्या कंपनीच्या मऊ कूलर बॅगा तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने ३९२४ मध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या प्लास्टिक वस्तूंमध्ये टाकल्या होत्या. तो निकाल उत्तरात जोडू नका. तो २००२ च्या आधीचा आहे आणि हेडिंगचा मजकूर त्यानंतर बदलला. जुना निकाल जोडला की अधिकाऱ्याला वाटतं, यांना मजकूर माहीत होता आणि तरी टाळला.

४२०२ च्या बाहेर जाणारे अपवाद थोडे आहेत, पण खरे आहेत. पातळ प्लास्टिक शीटची, हँडलवाली, दोन-चार वापरांत फाटणारी फॉइल पिशवी ३९२३ मध्ये जाते, कारण ४२ व्या चॅप्टरची तिसरी टीप दीर्घ वापरासाठी न बनवलेल्या अशा पिशव्या वगळते. ४२०२ चं स्पष्टीकरण नेमकं उलट्या बाजूने बोलतं: वाहतुकीत किंवा तात्पुरत्या साठवणीत तापमान टिकवणारी, पुन्हा पुन्हा वापरायची बॅग. दुसरा अपवाद ईपीपी किंवा थर्माकोलसारख्या फोमचा साचातून काढलेला डबा. त्यावर कापड किंवा शीट चढवलेली नसेल तर तो ४२०२ च्या दुसऱ्या भागाच्या साहित्याच्या अटीत बसत नाही, तो प्लास्टिकमध्येच राहतो. तिसरी गोष्ट सुटे भाग. ४२०२ मध्ये भागांसाठी जागा नाही. मधले फोमचे कप्पे, कप होल्डर किंवा तळाची शीट वेगळ्या खेपेत मागवली तर प्रत्येकाचं वर्गीकरण त्याच्या साहित्यावरून होतं. बॅगेसोबत, बॅगेत बसवून आलं तर बॅगेबरोबरच जातं. शिवायला तयार, कापलेले पूर्ण संच आणून इथे शिवायचा विचार असेल तर त्याने कोड बदलेल असं धरू नका, सुट्या भागांतली वस्तूही पूर्ण वस्तू धरणारा नियम २(अ) आडवा येऊ शकतो.

आता पैसे. ४२०२ ची बेसिक ड्युटी सप्टेंबर २०१८ मध्ये १० वरून १५ टक्के झाली. त्याच दिवशी ३९२३, ३९२४ आणि ३९२६ चीही झाली, त्यामुळे प्लास्टिककडे पळून फारसं हाती लागत नाही. तुमच्या तारखेचा दर आइसगेटवर बघूनच घ्या. १५ धरला तर १० लाखांच्या असेसेबल व्हॅल्यूवर (ड्युटीसाठी धरलेल्या किमतीवर) दीड लाख बेसिक, त्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे १५ हजार, मग ११,६५,००० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) म्हणजे २,०९,७००. एकूण ३,७४,७००. ६३०७ चा मोह मुख्यतः आयजीएसटीमुळे होतो: ठरलेल्या किमतीपर्यंतच्या नगाला तिथे ५ टक्के लागतो, आणि ही मर्यादा २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपये आहे. बेसिक तीच धरली तरी १३ टक्क्यांचा फरक, म्हणजे दीड लाखाच्या वर. 'आयजीएसटी काय, क्रेडिट मिळतंच' असं सीएचए म्हणेल, पण तुम्ही रेस्टॉरंट म्हणून इनपुट क्रेडिटशिवायच्या ५ टक्क्यांत असाल तर ते क्रेडिट तुम्हाला नाही. तो सगळा खर्च बॅगेच्या किमतीतच धरा.

आता खरं दुखणं.

कोड चुकणं हा एक प्रकार आहे आणि वर्णन चुकणं हा वेगळा. सुप्रीम कोर्टाने नॉर्दर्न प्लास्टिकच्या १९९८ च्या निकालात म्हटलंय की आयातदाराने एखाद्या वर्गीकरणाचा किंवा सवलतीचा दावा करणं म्हणजे चुकीची माहिती देणं नव्हे, तो त्याचा समज असू शकतो. पण हे संरक्षण वस्तूचं वर्णन खरं आणि पुरेसं असेल तरच उपयोगी पडतं. बिल ऑफ एंट्रीवर 'इन्सुलेटेड फूड डिलिव्हरी बॅग' लिहून कोड ६३०७ टाकला असता तर तो समजाचा फरक राहिला असता. 'पॉलिएस्टर पॅकिंग बॅग' लिहिल्यावर इन्सुलेशनही गेलं आणि अन्नही गेलं, म्हणजे ज्या दोन शब्दांवर ४२०२ उभं आहे तेच दोन्ही गायब. मग विभाग म्हणतो, लपवलं. साध्या चुकीत कस्टम्स कायद्याच्या कलम २८ खाली मागणी दोन वर्षांपर्यंत मागे जाते, जाणूनबुजून दडवल्याचा शिक्का बसला तर पाच वर्षं. त्यावर १५ टक्के दराने व्याज, आणि ११४ए खाली ड्युटीइतका दंड. जप्तीचं कलम १११(एम) आणि जप्त माल सोडवण्याचा दंड वेगळाच. हे सगळं एका ओळीच्या वर्णनावर ठरतं, आणि ती ओळ पुरवठादाराच्या ऑफिसात कोणीतरी टाइप केलेली असते!

त्यात भर घालणारी दुसरी चूक म्हणजे तोंडी सल्ल्यावर भरवसा. एका कार्यालयाच्या मदतकक्षात 'पॅकिंग मटेरियल दाखवा, जातं' असं सहज सांगितलं गेलं. लेखी मागितल्यावर 'असेसमेंट ग्रुपला विचारा', ग्रुपकडे गेल्यावर 'फेसलेस आहे, क्वेरीत उत्तर द्या', आणि क्वेरीत फक्त एक ओळ: कोडचं समर्थन करा. तीन खिडक्या, एकाही उत्तरावर सही नाही. संताप येतो, कारण आयातदाराच्या प्रत्येक शब्दाला कायदा लागू होतो आणि खिडकीतल्या माणसाच्या शब्दाला नाही. तोंडी सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असो, शो कॉज (कारणे दाखवा) नोटिशीला उत्तर देताना त्याची किंमत शून्य आहे.

तुमच्या क्वेरीचं म्हणाल तर २०२० पासून असेसमेंट फेसलेस आहे. क्वेरी टाकणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो आणि त्याने तुमची बॅग पाहिलेली नसते. त्याच्यासमोर फक्त ई-संचितवर (कागदपत्रं चढवायच्या कस्टम्सच्या ऑनलाइन सोयीवर) चढवलेले कागद असतात. म्हणून उत्तर असं द्या: ४२०२ ९२ ०० मान्य, त्याप्रमाणे रीअसेसमेंट करावं, आणि सोबत बॅगेची तांत्रिक माहिती. वर्णन साधारण या धर्तीवर: 'इन्सुलेटेड फूड डिलिव्हरी बॅग, पुनर्वापराची. बाहेर ६००डी पॉलिएस्टर, आतल्या अंगाला पीव्हीसी कोटिंग. मध्ये १० मिमी ईपीई फोम. आत फॉइल लॅमिनेटचं अस्तर. तळाला पीपी होलो शीट. चेन, वेल्क्रो, खांद्याचे पट्टे. ४४ × ४४ × ४४ सेंमी.' आकडे अर्थात तुमच्या बॅगेचे टाका. वर्णनातली दुरुस्ती कलम १४९ खाली मागा आणि पुरवठादाराकडून सुधारित इन्व्हॉइस जोडा. वर्गीकरण मान्यच नसेल तर १७(५) खाली कारणांसह लेखी ऑर्डर मागायचा हक्क आहे, ती १५ दिवसांत द्यावी लागते आणि तिच्यावर ६० दिवसांत अपील होतं. पण माझ्या मते या बॅगेवर अपील म्हणजे सीएफएसच्या ग्राउंड रेंटला आणि शिपिंग लाइनच्या डिटेन्शनला (कंटेनर अडकवल्याच्या आकाराला) खायला घालणं. वाद चालूच ठेवायचा असेल तर निदान कलम ४९ खाली माल वेअरहाउसला हलवायचं बघा.

मागच्या दोन खेपांबाबत एक गोष्ट अजिबात करू नका: पुढच्या खेपेपासून गुपचूप ४२०२ वापरून जुन्यांबद्दल गप्प बसणं. सिस्टिममध्ये तुमच्या आयईसीवर प्रत्येक जुनी एंट्री दिसते. एकाच पुरवठादाराची, एकाच मॉडेलची बॅग आधी ६३०७ आणि मग ४२०२ दिसली की ऑडिटवाल्याला बाकी काही शोधावं लागत नाही. 'आयातदाराला खरा कोड कळला होता, तरी मागचं भरलं नाही' हे वाक्य नोटिशीत आपोआप येतं. नोटीस येण्याआधी फरक आणि व्याज स्वतःहून भरून लेखी कळवलं तर दडवणुकीशिवायच्या प्रकरणात २८(२) प्रमाणे नोटीसच निघत नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने १८ए हे कलमही आणलंय, ऑडिट किंवा चौकशी सुरू होण्याआधी एंट्री स्वतः सुधारण्यासाठी. या क्वेरीनंतर तुमच्यासाठी कोणता मार्ग उघडा आहे हे कागद पाहिलेल्या वकिलाला विचारा, मी वकील नाही. पण जे करायचं ते या महिन्यात करा.

हे मॉडेल वर्षानुवर्षं आणणार असाल तर कस्टम्सचं अ‍ॅडव्हान्स रूलिंग (कोडबद्दल आधीच मिळणारा लेखी निर्णय) घ्या. मुंबईचं प्राधिकरण बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसमध्ये आहे. फॉर्म सीएएआर-१, फी १० हजार, निर्णय तीन महिन्यांत, वैधता काही वर्षं. अडकलेल्या खेपेसाठी मात्र नाही, प्रश्न अधिकाऱ्यासमोर प्रलंबित असला की अर्ज चालत नाही.

पुढे याच बॅगा जर्मनीला पाठवायचं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट. भारतात बाहेरचं कापड की प्लास्टिक याने ४२०२ ९२ मध्ये फरक पडत नाही, युरोपात पडतो. बाहेरून कापड दिसलं तर ४२०२ ९२ ९८ आणि २.७ टक्के, प्लास्टिक शीट दिसली तर ४२०२ ९२ १९ आणि ९.७ टक्के. कसोटी उघड्या डोळ्यांना काय दिसतं ही. तेच पीव्हीसी कोटेड पॉलिएस्टर, कोटिंग आत ठेवून शिवलं तर कापड, चकचकीत बाजू बाहेर आली तर प्लास्टिक. नमुना मंजूर करतानाच शिवणाऱ्याला हे सांगा.

उद्या पुरवठादार बदलून व्हिएतनामकडे गेलात तर आसियान करारातल्या फॉर्म एआयवरचा (मूळ देशाच्या दाखल्यावरचा) सहा आकडी कोडही ४२०२ ९२ असू द्या, नाहीतर सवलतीचा दावा तिथेच अडकतो. बॅगेवर मोठ्या फूड डिलिव्हरी कंपनीचा लोगो छापून आणत असाल तर तिचं अधिकारपत्र जवळ ठेवा. छपाईचे साचे तुम्ही फुकट दिले असतील तर त्यांची किंमत व्हॅल्यूत मिळवावी लागते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

क्वेरीचं उत्तर टाकण्याआधी एक काम: मागच्या खेपेतली एक वापरलेली बॅग घ्या, कटरने तिचा एक कोपरा उभा कापा आणि पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. कापड, फोम, फॉइल असे तीनही थर एका फोटोत दिसले पाहिजेत. दुसरा फोटो चेन उघडून आतल्या अस्तराचा. सीएफएसमधून नमुना काढायला परवानगी आणि दिवस जातात. हे दोन फोटो आजच चढवता येतात.