जुना पीसी सुरू होत नाही? आधी रॅम काढून बघ

लगेच नवा मदरबोर्ड घ्यायला धावू नकोस. बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते आधी बघ. पंखाच फिरत नसेल तर भिंतीतला प्लग, पॉवर केबल आणि एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा स्विच तपास. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळीच, असं असेल तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डात खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने रॅमच्या पिना काळवंडतात. प्लग काढ, बटण दहा सेकंद दाबून धर, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव आणि मगच रॅम काढ. सोनेरी पिनांवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरव, कण झटक आणि दोन्ही बाजूंचे क्लिप टक् आवाज करेपर्यंत रॅम परत बसव. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेकच लावून बघ. माझ्याकडे आलेली निम्मी मशीनं एवढ्यानेच उठली आहेत.

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी बदल. ती ३ व्होल्टची, घड्याळवाल्याकडेही मिळते.

प्रोसेसरजवळचे कपॅसिटर (नळकांड्यासारखे छोटे भाग) डोक्यावर फुगलेले दिसले तर मात्र थांब, ते काम मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, लॅमिंग्टन रोडवरच्या चांगल्या कारागिराचं. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नकोस रे, प्लग काढल्यावरही आत जबर झटका देण्याइतकी वीज साठलेली असते. मशीन कारागिराकडे द्यायच्या आधी हार्ड डिस्क तेवढी काढून घरी ठेव, घरच्यांचे फोटो त्यातच असतात.