वाचकांचे प्रश्न : जामनगरच्या किनाऱ्यावर मुक्कामाला राहिलेला ग्रेट नॉट

प्रश्न : आम्ही काही मंडळी हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी वढवाणा तलावावर पक्षी पाहण्यास जातो. आमच्यापैकी दोघांना नोव्हेंबरात जामनगरजवळच्या किनाऱ्यावर ग्रेट नॉट हा दुर्मीळ पक्षी दिसला, आणि जानेवारीतही तो त्याच जागी असल्याचे तेथील परिचितांनी कळवले. एवढे दिवस तो एकाच ठिकाणी का थांबला असावा? तो आजारी किंवा वाट चुकलेला तर नसेल? फेब्रुवारीत आम्ही तिकडे जाणार असून बरोबर दोघे ज्येष्ठ आहेत. तो नीट पाहता यावा यासाठी काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपला पक्षी वाट चुकलेला नसावा. ग्रेट नॉट ईशान्य सायबेरियातील डोंगराळ टुंड्रा प्रदेशात घरटे करतो आणि हिवाळा दक्षिणेकडील समुद्रकिनाऱ्यांवर काढतो. त्यांपैकी बहुसंख्य पक्षी वायव्य ऑस्ट्रेलियात उतरतात, त्यामुळे आपल्याकडे तो मोजकाच दिसतो. तरीही कच्छच्या आखाताचा जामनगरकडील किनारा ही तो हिवाळ्यात आढळण्याच्या भारतातील थोड्या जागांपैकी एक आहे. तेथे काही महिने राहणे हा त्याचा नेहमीचाच हिवाळी मुक्काम होय. नोव्हेंबरातला आणि जानेवारीतला पक्षी एकच होता, हे पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेले कडे असल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, परंतु प्रौढ किनारपक्षी बहुधा दर वर्षी त्याच किनाऱ्यावर परततात आणि हंगामभर ठरावीक पट्ट्यातच वावरतात, हे कडी घातलेल्या पक्ष्यांवरून सिद्ध झाले आहे. पुढे एखादा ग्रेट नॉट जूनमध्ये तेथे दिसला, तरी तो जायबंदी असेलच असे नाही, कारण या जातीचे लहान वयाचे पक्षी पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेकडे जातच नाहीत.

तो तेथे टिकतो तो चिखलातील शिंपल्यांच्या जोरावर. नदीमुखाशी गाळ साचतो, ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि त्याच्या वरच्या थरात लहान शिंपले व कृमी विपुल असतात. ग्रेट नॉट शिंपला चोचीने फोडत बसत नाही. तो अख्खा गिळतो आणि पोटातील स्नायुमय पेषणीत त्याचा चुरा करतो. त्याचा जवळचा भाऊबंद असलेल्या रेड नॉटवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की ओल्या वाळूत चोच खुपसताच पाण्याच्या दाबात होणाऱ्या फरकावरून त्याला पुरलेल्या कठीण वस्तूचा सुगावा लागतो. दूरवरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी मात्र हीच पेषणी आक्रसते, आणि त्याआधी साठवलेल्या चरबीवर ग्रेट नॉट ऑस्ट्रेलियाहून चीनच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ५,४०० किलोमीटर न थांबता उडत जातो. दक्षिण कोरियातील सेमान्गम येथे ३३ किलोमीटरचा सागरी बांध २००६ मध्ये पूर्ण झाला, चिखलाचा अफाट पट्टा समुद्रापासून तुटला आणि तेथे उतरणाऱ्या ग्रेट नॉटांची संख्या झपाट्याने घसरली. आज या जातीची गणना जगभरात संकटग्रस्त म्हणून होते.

आता पाहण्याविषयी. ओहोटीला पक्षी दूरवर पांगलेले असतात आणि दुर्बिणीतही ठिपक्यांसारखे दिसतात. भरतीचे पाणी चढू लागले, की तेच पक्षी हळूहळू किनाऱ्याकडे ढकलले जातात आणि शेवटी उंच वाळूवर, बांधावर किंवा मिठागराच्या कडेला दाटीने विसावतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी आपल्या जागी जाऊन बसावे. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याची मुंबई-कोकणातील रीत आपल्यापैकी अनेकांना घरातून ठाऊक असेल, परंतु ती आखातात जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण भरती तेथे आतवर पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. त्या बंदराचेच भरतीचे कोष्टक पाहावे. भरतीचा वेग पाहायचा असेल, तर आधी एकदा बडोद्याहून कावी-कंबोईला जाऊन यावे. स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर पाण्याखाली जाताना पाहिले, म्हणजे चिखलात उतरू नये हे कोणाला निराळे सांगावे लागत नाही.

जामनगरपासून जवळच असलेले खिजडिया अभयारण्य रूपारेल नदीच्या मुखाशी आहे. मातीच्या बांधांमुळे तेथे एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी राहते. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा, जाहीर झाला. ज्येष्ठांसाठी बांधावरून पाहणेच सोयीचे. या किनाऱ्याला समुद्र उत्तरेस असल्याने हिवाळ्यात ऊन बहुतेक वेळ आपल्या पाठीमागून येते, आणि ग्रेट नॉटसारखा राखाडी पक्षी ओळखण्यास त्याची फार मदत होते. थव्यात टिलव्याएवढ्या (रेडशँक) लांबीचा पण अंगाने भरलेला, छातीवर गडद ठिपके असलेला, लांबट व टोकाशी किंचित झुकलेल्या चोचीचा आणि मळकट हिरवट पायांचा पक्षी शोधावा. कर्ल्यू सँडपायपर त्याहून बराच लहान असतो.

विसावलेल्या थव्याच्या जवळ जाण्याचा मोह मात्र कटाक्षाने आवरावा. पाठीत चोच खुपसून झोपलेले पक्षी माना वर करू लागले, एकेक जण चालत दूर सरकू लागला, की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून त्याच पावली मागे फिरावे. उडण्याची वाट पाहू नये. भरती असेपर्यंत त्यांना खाण्यास जागा नसते, आणि या वेळी वारंवार उडावे लागले तर ओहोटीत मिळवलेले बळ विनाकारण खर्ची पडते. एका छायाचित्रासाठी अख्खा थवा उठवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला अक्षम्य वाटते. टेलिस्कोप असेल तर जवळ जाण्याची गरजच उरत नाही. सर्वांनी आळीपाळीने त्यातूनच पाहावे.

पक्षी दिसल्यास तारीख, वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करावी. पायात कडे किंवा रंगीत पट्टी आढळली, तर तिचा रंग, ती कोणत्या पायात आणि गुडघ्याच्या वर की खाली, एवढे अवश्य टिपावे.