कट्टा उचलायची गाडी: मोटरच्या आधी खालची उंची ठरवा

मुलांनो, तुमचं ड्रॉइंग नीट पाहिलं. बेत असा दिसतो: सोयाबीन-तुरीचे कट्टे जमिनीवरून उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवणारी ढकलगाडी. सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या फुलीत जोडलेल्या लोखंडी हातांवर वर-खाली होणारा प्लॅटफॉर्म, तिला १२ व्होल्टची मोटर आणि स्क्रू, खाली ४ इंची कॅस्टर, म्हणजे सगळीकडे वळणारी छोटी चाकं, क्षमता २०० किलो. मोटर कोणती घ्यावी, एवढंच तुम्ही विचारलंय. मी हिंगणघाटकडे फॅब्रिकेशनचं काम करतो, शेतीची अवजारं रोज हाताखालून जातात. म्हणून मोटरच्या आधीचं सांगतो.

तुमचा प्लॅटफॉर्म पूर्ण खाली आला तरी जमिनीपासून ३०० मिमी वर राहतो. मग ६० किलोचा कट्टा त्या फूटभर उंचीवर ठेवणार कोण? दोन माणसं, वाकून. हमालाची कंबर जाते ती नेमकी तिथेच, जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या उचलीत. गाडीने हाच भाग माणसावर सोडला तर कास्तकार ती दोन दिवस वापरेल आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यात उभी करेल. प्लेट जमिनीला जवळजवळ टेकली पाहिजे. कट्टा आडवा करून सरकवला की चढला, असं हवं.

आता प्लॅटफॉर्म खाली आणायला जाल तर सिझर अडवतं. एका टप्प्याच्या, म्हणजे एकाच फुलीच्या सिझरला खालून आडवा स्क्रू असेल, तर लागणारं बल म्हणजे वजन भागिले लोखंडी हाताच्या जमिनीशी होणाऱ्या कोनाचा टॅन. हात ३० अंशांवर असताना वजनाच्या १.७ पट, १० अंशांवर ५.७ पट, ५ अंशांवर ११ पटींहून जास्त. म्हणजे १०० किलो हलवायला सुरुवातीला अकराशे किलोंच्या वर ओढ, घर्षण वेगळंच. दोन टप्पे केले तर त्याच कोनाला दुप्पट. हे बल लागतं पहिल्या चार इंचांपुरतं, पण स्क्रू, पिना, मोटर सगळं त्याच्यासाठी जाड करावं लागतं.

पिनांचं तर मी भोगलंय. सुरुवातीच्या वर्षांत एक सिझर टेबल केलं आणि पिनांच्या जागी १२ मिमीचे पूर्ण आट्यांचे बोल्ट टाकले. आट्यांनी ५ मिमीच्या पट्टीतली भोकं किसणीसारखी खाल्ली. गोल भोक चिंचोक्यासारखं लांबट झालं आणि टेबल वर गेलं की एका अंगाला झुकायला लागलं. एका गड्याचं बोट सिझरच्या हातांमध्ये सापडलं. नख गेलं, बोट वाचलं. तेव्हापासून मी फिरत्या जोडाला लेथवर काढलेली गुळगुळीत पिन आणि बुश (भोकात बसणारी धातूची नळी) याशिवाय काही लावत नाही.

तुमच्या कामाला सिझर सोडा, उभा खांब घ्या. ४० × ४० × २ मिमीचे दोन चौकोनी पाइप उभे करा आणि त्यांच्यावर वर-खाली धावणारी चौकट, म्हणजे कॅरेज बनवा. कॅरेजला पुढे प्लेट, वर पुली, वायररोप ६ मिमीची. रोलर म्हणून ६२०२ नंबरची बेअरिंगं थेट चालतात. पण त्यांची जागा चुकवू नका. वजन पुढे असल्याने कॅरेजचं डोकं पुढे पडायला बघतं, म्हणून वरचे रोलर पाइपाच्या मागे आणि खालचे पुढे. दोघांत अंतर किमान ३०० मिमी ठेवा. कट्ट्याचा मध्य खांबापासून ३०० मिमी पुढे असेल तर १०० किलोला रोलरच्या जोडीवर १०० किलोच येतात. अंतर १०० मिमी केलंत की तेच ३०० किलो होतात आणि कॅरेज अडकत-अडकत चढते.

खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाय पुढे काढा, पुढची चाकं पायांच्या टोकाला, प्लेट पायांच्या मध्ये. कट्ट्याचा मध्य पुढच्या आसाच्या मागेच राहिला पाहिजे, नाहीतर गाडी नाकावर पडेल. ट्रॉलीचा मागचा फाळका उघडला की पाय ट्रॉलीच्या खाली जातात आणि प्लेट ट्रॉलीच्या वर. गावातल्या चार-पाच ट्रॉल्यांना टेप लावून बघा, प्रत्येकीची उंची वेगळी निघेल.

४ इंची कॅस्टर कॉलेजच्या कोब्यावर छान फिरतील. आपली काळी माती वाळली की भेगाळते, त्या भेगेत असलं चाक बसलं की निघत नाही. परतीच्या पावसात तर ती चाकाला थरावर थर धरते. पुढे स्कूटरची ३.५०-१० मापाची चाकं लावा, भंगारात मिळतात. मागे ८ इंची कॅस्टर पुरे.

चाकांमधली रुंदी ८०० मिमीच्या खाली नको. ६०० ठेवलीत आणि एक चाक ५० मिमीच्या खड्ड्यात गेलं, तर १.२ मीटर उंचावरचं वजन १०० मिमी बाजूला सरकतं. तुमच्याकडे मध्यापासून चाकापर्यंत मुळात होते ३००. त्यात कट्ट्यातला माल एका अंगाला घसरला की गाडी गेलीच. म्हणून कट्टा गुडघ्याखाली ठेवूनच गाडी ढकलायची. ट्रॉलीशी आली की चाकांना पाचर, मग उचल.

वायररोप गुंडाळणारी विंच हातानेच फिरवा. ड्रमचा व्यास ५० मिमी, हँडल २५० मिमी, गिअर १:४ धरला तर १०० किलोला हिशोबाने अडीच किलोचा जोर लागतो, घर्षण धरून पाच. विंच स्वतःचा ब्रेक असलेलीच घ्या. नुसत्या रॅचेटची, म्हणजे दातेरी चाकाला खिटी अडकवणारी असेल तर खाली सोडताना खिटी सुटते आणि हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. मोटर लावायचीच असेल तर १०० किलो, १ मीटर, १० सेकंद म्हणजे साधारण १०० वॅट. नुकसान धरून २५०, म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअर. ती बॅटरी वावरात चार्ज कुठे करणार, हेही लिहा.

क्षमता २०० वरून १०० किलो करा, एका वेळी एकच कट्टा. पहिली चाचणी १२५ किलो रेती भरून, अर्धा तास वर टांगून. खांबावर खूण करून ठेवा, प्लेट किती खाली उतरते ते मोजा. त्या वेळी प्लेटखाली कुणाचा पाय नको. जमलं की गाडी पांदण रस्त्यावर न्या आणि ज्याच्या पाठीवर रोज कट्टे असतात अशा हमालाच्या हातात द्या. तो पहिल्यांदा कुठे थांबतो ते लिहून घ्या.