‘दाखला’ दाखवण्यावरून आलेला नाही

एका वाचकाचा प्रश्न असा: उत्पन्न किती ते दाखवतो म्हणून त्याला ‘उत्पन्नाचा दाखला’ म्हणतात, असं ऐकलं. हे बरोबर आहे का? आणि शुद्ध मराठीत त्याला ‘उत्पन्न प्रमाणपत्र’ म्हणणं जास्त योग्य नाही का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच, नाही. ‘दाखवणे’ आपल्याकडे प्राकृतातून आलं, ‘दक्ख’ म्हणजे पाहणे या धातूवरून. ‘दाखला’ अरबी. मूळ अर्थ आत येणे, आत घेणे. ‘दाखल होणे’, ‘दखल घेणे’, ‘दखलपात्र गुन्हा’ ही सगळी त्याचीच भावंडं. दोन शब्द कानाला सारखे लागले की त्यांची सोयरीक जुळवून मोकळं व्हायचं, ही खोड काही जात नाही. हिंदीत ‘दाखिला’ म्हणजे शाळेतला प्रवेश, त्यामुळे ‘शाळा सोडल्याचा दाखला’ हे ऐकून हिंदीभाषक माणूस क्षणभर गोंधळतो. त्यात त्याची चूक नाही.

दाखला म्हणजे उदाहरण, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ. कचेरीतला अर्थ कसा आला ते पाहा. रयतेने सारा भरला की रक्कम दप्तरात आत घेतली जायची, म्हणजे दाखल व्हायची, आणि तशी चिठ्ठी भरणाऱ्याच्या हातात पडायची. ती चिठ्ठी म्हणजे दाखला. बंगालात जमिनीच्या खंडाच्या पावतीला ‘दाखिला’च म्हणत आले आहेत. थोडक्यात, ‘हे आमच्या दप्तरी लागलं आहे’ एवढंच दाखला सांगतो. ते खरं आहे असं तो म्हणत नाही. प्रमाणपत्र तसं म्हणतं. म्हणून ‘प्रमाणपत्र’ हा शब्द जास्त शुद्ध आहे म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. तो शुद्ध असेल, पण या कागदाला शोभत नाही.

कागद कसा तयार होतो ते बघितलं की हे पटेल. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर नाहीतर सेतू केंद्रातून जातो. सोबत ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा. नोकरी असेल तर पगाराची स्लिप, फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र. नसेल तर तलाठ्याचा अहवाल, ज्याला २०२४पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं आहे आणि ज्याला अजून सगळे तलाठीच म्हणतात. तहसीलदार कुणाच्या घरी जाऊन पैसे मोजत नाही. घोषणापत्रात जे लिहिलं ते दाखल करून घेतो. घरकाम करणारी बाई, नाक्यावर उभा राहणारा मजूर, गाडीवर भाजी विकणारा, यांच्या उत्पन्नाचा स्वतः लिहून दिलेल्या आकड्याखेरीज दुसरा पुरावा बहुतेक वेळा नसतोच.

फसगत होते ती अशी. दाखला आर्थिक वर्षाचा असतो, एप्रिल ते मार्च, आणि लोक जानेवारी ते डिसेंबर धरून आकडा लिहितात. एका वर्षाचा दाखला आणि तीन वर्षांचा दाखला असे दोन पर्याय असतात. नॉन-क्रीमीलेअरला, म्हणजे आरक्षणासाठी ‘सधन थरातले नाही’ असं सांगणाऱ्या कागदाला, तीन वर्षांचा लागतो, आणि लोक एकाचा घेऊन येतात. सगळ्यात मोठा घोळ ‘उत्पन्न’ या शब्दाचा. नॉन-क्रीमीलेअरच्या उत्पन्नमर्यादेत आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या, दाखल्यात दोन्ही मोजतात. आकडा दोन्हीकडे ८ लाखच, शब्दही तोच ‘उत्पन्न’, आणि आत धरायचं मात्र वेगवेगळं. दाखल्यावरची बेरीज पाहून हात हलवत परतणारे कितीतरी पालक खरं तर पात्र असतात.

जाता जाता एक. ‘आम्ही निकषात बसत नाही’ हे बोलणं बंद करा. निकष म्हणजे सोनं घासून पाहायचा काळा दगड. त्यात बसायला तो काही लोकलचा डबा नाही. निकषाला उतरतात, कसाला लागतात, कसोटीला उतरतात. ‘कस’ आणि ‘कसोटी’ त्याच घासण्यातून आल्या. सोनं किती आहे ते पाहायचा दगड आपण माणसाकडे किती नाही ते पाहायला वापरतो, हे वेगळंच.

आता मूळ मजा. या दाखल्यावर सही कुणाची? तहसीलदाराची. ‘तहसील’ म्हणजे अरबीत वसुली. हा-साद-लाम हे त्याचं मूळ, आणि त्याच मुळातून ‘महसूल’, ‘हासिल’ आणि आपला अस्सल मराठी वाटणारा ‘हशील’. ‘त्यात काय हशील?’ असं वैतागून म्हणणारा माणूस तहसील कचेरीच्या रांगेत उभा असेल, तर तो नकळत श्लेष करत असतो. ‘वसूल’ मात्र या कुळातला नाही, त्याचं मूळ ‘पोचणे’. काही जण ‘महसूल’ आणि ‘वसूल’ एकाच ताटात वाढतात. यमक जुळलं म्हणून गोत्र जुळत नाही.

तहसीलदाराच्या वर कलेक्टर. म्हणजे तोही गोळा करणाराच. वॉरन हेस्टिंग्जने १७७२मध्ये बंगालात हे पद नेमलं ते सारा गोळा करायला. गरिबांची विचारपूस त्याच्या कामात नव्हती. आपल्याकडे १८१८नंतर एल्फिन्स्टनने पेशवाईतले मामलेदार तसेच ठेवले आणि त्यांच्या डोक्यावर कलेक्टर बसवला. १८७९चा जमीन महसूल कायदा जाऊन १९६६ची संहिता आली, मामलेदाराचा तहसीलदार झाला. ‘मामलेदार’ आता १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्यात आणि ठाण्याच्या मिसळीत उरला आहे. आणि कलेक्टरचं मराठी आपण काय केलं? ‘जिल्हाधिकारी’. पदनामं ठरवणाऱ्या मंडळींचा आदर राखून सांगतो, हे भाषांतर नाही, ही रंगसफेदी आहे. ‘तहसीलदार’मध्ये वसुली निदान अरबीत तरी शिल्लक राहिली, ‘जिल्हाधिकारी’मध्ये ती पुसूनच टाकली. पैसा काढून घ्यायला बसवलेल्या यंत्रणेलाच ‘याच्याकडे पैसा नाही’ असं लिहून द्यायचं काम लावलं, हे शब्दावरून दिसायचं ते दिसेनासं झालं.

आणि ही यंत्रणा मुंबईत कुठे बसते? उपनगर जिल्ह्याचे अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन तालुके सोडा, त्यांचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. मुंबई शहर जिल्ह्याचं कार्यालय फोर्टात, शहीद भगतसिंग मार्गावर, पत्ता ‘जुने जकातघर’. जकातघरात गरिबीचा दाखला! हा पत्ता कुणी मुद्दाम जुळवला असता तर ओढूनताणून केलेला विनोद वाटला असता.

कारण ‘जकात’ म्हणजे मुळात गरिबांसाठी काढलेला हिस्सा. अरबी ‘जकात’. ज्याच्याकडे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, वा तेवढ्या किमतीची पुंजी, वर्षभर राहिली त्याने तिचा चाळिसावा हिस्सा द्यायचा. या मर्यादेला ‘निसाब’ म्हणतात. घेणाऱ्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. पहिले दोन गरीब आणि गरजू, तिसरा खुद्द वसुली करणारे कर्मचारी (हे आपल्याकडे बरोबर रुजलं), पुढे कर्जबाजारी, वाटसरू वगैरे. लक्षात घ्या, तोळेमासे मोजून दगडावर घासायचं ते आधी देणाऱ्याला.

मग या शब्दाचा नाक्यावरचा कर कसा झाला? पुष्कळ कोशांत ‘जकात: मालावरील कर’ एवढं लिहून पुढचा शब्द घेतात, आणि कुणी फार तर ‘अर्थभ्रंश’ म्हणून मोकळे होतात. मला हे मान्य नाही. भ्रंश झालेला नाही, अर्धा अर्थ वाटेत गळला आहे. व्यापाऱ्याच्या मालावरची जकात वाटेवर बसूनच घेत. परंपरा ही व्यवस्था दुसरे खलिफा उमर यांच्याशी जोडते: मुसलमान व्यापाऱ्याकडून चाळिसावा, राज्यातल्या इतर धर्मीयांकडून विसावा, परदेशी व्यापाऱ्याकडून दहावा हिस्सा. म्हणजे नाका, माल आणि टक्केवारी पहिल्यापासून होतीच. सुलतानांच्या राज्यांत नाका पोचला, आठ प्रकारचे घेणारे मागे राहिले. मराठी राज्यात तर शब्द पुरता व्यापारी झाला. १६७१चं शिवाजी महाराजांचं कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे: बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं, म्हणून त्यावर जबर जकात बसवा, म्हणजे आपल्याकडचं मीठ खपेल. आजच्या आयातशुल्काचा हाच हिशेब. पेशवाईत माल भरतात तिथे थळभरीत आणि विकतात तिथे थळमोड असे तिचे पोटभेदही झाले. मुंबईकराला जकात ठाऊक ती दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लावणारी. तीही १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर संपली. शब्द आता इमारतीच्या नावात आणि ठिकाणांच्या नावांत राहील.

देणाऱ्याऐवजी घेणाऱ्यालाच घासून पाहायची रीत आपल्याकडे पक्की केली ती दुष्काळांनी, म्हणजे दुष्काळ हाताळणाऱ्या इंग्रज सरकारने. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर १८८०चा आयोग आला आणि प्रांताप्रांतांत दुष्काळ संहिता झाल्या. सरकारपुढचा प्रश्न होता, खरा उपाशी कोण हे ओळखायचं कसं? उत्तर ठरलं: काम कष्टाचं, मजुरी जेमतेम पोटापुरती. ज्याला दुसरा इलाज नाही तोच खडी फोडायला येईल. काम घरापासून लांब ठेवणं हीसुद्धा एक कसोटी होती. दाखला नको, छळच पुरावा.

स्वातंत्र्यानंतर कसोटी शरीरावरून कागदावर आली आणि कागदावरचा आकडा जागचा हलेना. १९९९ला रेशनकार्डांचे तीन रंग झाले: वर्षाला १५,०००पर्यंत पिवळं, १ लाखापर्यंत केशरी, वर पांढरं. १५,००० म्हणजे महिन्याला १,२५०. अन्नसुरक्षा कायदा २०१३चा, त्यात प्राधान्य कुटुंबासाठी शहरात मर्यादा ५९,०००, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. मुंबईत. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा, दिव्यांग सोडले तर, २१,०००, आणि योजनेतून महिन्याला मिळतात १,५००, म्हणजे वर्षाला १८,०००. निराधाराने निराधार राहून वर आणखी किती मिळवायचं ते वजाबाकी करून बघा. लाडकी बहीण योजनेला मर्यादा अडीच लाख, पण पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यातून सुटका. म्हणजे एका दाखल्याचं काम जुना दाखला करतो. जुना आकडा खोटा असेल तर नवा आपोआप खोटा. मर्यादा इतक्या खाली ठेवल्या की स्वयंघोषणापत्रात खरं लिहिणाऱ्याचीच पंचाईत होते, आणि मग सेतूबाहेरचा अर्ज भरून देणारा आधी विचारतो, ‘किती टाकू?’ या दोन शब्दांत ‘दाखला’ शब्दाची सगळी व्युत्पत्ती आली. ‘किती आहे’ असं तो विचारत नाही, ‘किती टाकू’ असं विचारतो.

जकातीचा गळलेला अर्धा भाग महाराष्ट्रात एकदा परत आला होता, आणि तो कुणी ओळखला नाही. रोजगार हमी. कायदा १९७७चा, बोली ‘मागेल त्याला काम’. दुष्काळी कामांचीच ती मुलगी, पण उत्पन्नाचा दाखला न मागणारी. तिच्यासाठी पैसा कुठून आणायचा म्हणून १९७५ला व्यवसाय कर लावला. मुंबईतल्या पगारदाराच्या स्लिपवर ‘पीटी’ म्हणून जी कपात दिसते ती हीच: अकरा महिने २००, फेब्रुवारीत ३००. तुलनेने बऱ्या माणसाच्या कमाईतून ठरीव कपात, खर्च गावाकडच्या मजुरावर. जकात म्हणजे आणखी काय असतं? निसाबही आहे: पुरुषाला महिना ७,५००पर्यंत काही नाही, १०,०००पर्यंत १७५, पुढे पूर्ण दर. बाईला २५,०००पर्यंत माफ.

वर मात्र झाकण आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ने १९८८पासून या कराला वर्षाला २,५००ची कमाल मर्यादा घातली आहे, त्यामुळे महिना अकरा हजारवाला आणि महिना अकरा लाखवाला दोघेही तेवढेच भरतात. अकरा लाखवाल्याच्या बाबतीत चाळिसावा हिस्सा कुठल्या कुठे राहिला. पण २,५०० हा नेमका कशाचा चाळिसावा हिस्सा आहे ते काढून बघा. बरोबर १ लाखाचा. आणि १ लाख म्हणजे केशरी कार्डाची मर्यादा. योगायोग आहे हे मलाही कळतं, पण असे योगायोग मी सोडत नसतो.